पदवीदानातली रिकामी डबी

१

डबी उघडली आणि औषधवाल्या बाईंचा हात हवेतच राहिला.

सभागृह खचाखच भरलं होतं. माईकवरून नाव पुकारून झालं होतं, टाळ्यांचा कडकडाट चालू होता आणि पदव्युत्तर परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी काळ्या गाऊनमध्ये मान थोडी पुढे करून उभा होता. औषधवाल्या बाईंचं शहरात मोठं औषधांचं दुकान. नवरा वारल्यापासून दरवर्षी पदवीदानाला त्या याच क्षणी त्याच्या नावाचं सुवर्णपदक पहिल्या आलेल्याच्या गळ्यात घालत. उपप्राचार्यांनी तबक पुढे केलं. बाईंनी निळ्या मखमलीची डबी उचलली, झाकण वर केलं. आत पदकाच्या आकाराचा गोल खळगा तेवढा होता. पदकाचा पत्ता नव्हता.

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. पुढच्या रांगांना बाईंचा चेहरा दिसला आणि त्या गप्प झाल्या. मागच्यांना काही दिसत नव्हतं, ते बिचारे वाजवतच राहिले. त्या अर्धवट टाळ्यांत बाई डबी मिटत होत्या, पुन्हा उघडत होत्या, जणू दुसऱ्या खेपेला तरी पदक आत सापडेल.

पडद्याआडून हे सगळं भिंगबाई बघत होत्या. त्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापक. दगड तपासायचं भिंग काळ्या दोरीला बांधून कायम गळ्यात, म्हणून विद्यार्थ्यांनी ठेवलेलं हे नाव. आता प्राचार्यही कधी कधी चुकून तोंडावर तेच म्हणत. पदवीदानाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. कोणी कोणता गाऊन घालायचा, पाठीवरचा रंगीत हूड कसा सोडायचा, टोपीचा गोंडा कधी उजवीकडे आणि कधी डावीकडे, मिरवणुकीत कोण कोणाच्या मागे, यात त्यांच्यापुढे कोणाची मात्रा चालत नसे.

"पुढचं नाव घ्या," त्यांनी निवेदकाला दबक्या आवाजात सांगितलं. "लगेच."

प्राचार्यांनी विजेत्याचा हात नुसताच दाबला, फोटोवाल्याने सवयीने फ्लॅश मारला आणि समारंभ कसाबसा पुढे ढकलला गेला. संपल्यावर प्राचार्य घाम पुसत भिंगबाईंच्या कानाशी आले.

"डबी तयारीच्या खोलीतून थेट मंचावर आली, मॅडम. मधे कुठे टेकलीसुद्धा नाही."

"माहितीये मला."

"म्हणजे हे बाहेरच्या माणसाचं काम नाही. जो कोणी आहे तो आपल्याबरोबर मिरवणुकीत चालत होता. गाऊन घालून."

२

तयारीची खोली म्हणजे एरवीची नकाशांची खोली. मधोमध लांब टेबल, भिंतीला खुंट्या, कोपऱ्यात भाड्याने आणलेला आरसा. मंचावर बसणारी मंडळी तेवढी तिथे तयार झाली होती. बाकीचे विद्यार्थी आपापल्या वर्गात. खोलीत प्राचार्य होते, उपप्राचार्य होते, औषधवाल्या बाई, स्वतः भिंगबाई आणि दोन विद्यार्थी.

त्यातला एक विजेता. तिशी ओलांडलेला, ताडमाड उंच. मधेच सुटलेलं शिक्षण नोकऱ्या करत पुरं केलेला, म्हणून सगळा वर्ग त्याला दादा म्हणायचा. त्याचा हूड सरळ करताना भिंगबाईंनी विचारलं होतं, "घरून कोण आलंय?" "कोणी नाही, मॅडम," तो म्हणाला होता. "यायला कोणी नाहीच."

दुसरी चिमटी. अंगाने एवढीशी, बोलणं बोचरं, म्हणून चिमटी. निकालात दादाच्या पाठोपाठ दुसरी. विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण तिचं होतं. तिने एक पेपर पुन्हा तपासायला लावला होता आणि गुण वाढले नाहीत तेव्हा कँटीनमध्ये सगळ्यांदेखत म्हणाली होती, "ते पदक माझं आहे. बघाल तुम्ही."

भिंगबाईंनी सकाळ मनातल्या मनात उलगडून पाहिली. बाईंनी डबी उघडून पदक दाखवलं. प्राचार्यांनी ते तळहातावर तोललं. "भरीव आहे हो! गळ्यात घातलं तर मान वाकायची." सगळे हसले. पदक या हातातून त्या हातात फिरलं, मग डबी मिटून टेबलावर ठेवली गेली. फोटोवाला हाका मारायला लागला तशी सगळी वरात व्हरांड्यात गेली. फोटो झाला. तेवढ्यात चिमटी कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, टोपी आतच राहिली!" आणि खोलीत पळाली. एकटी. ती आल्यावर मिरवणूक लागली, उपप्राचार्य आत जाऊन डबी तबकात घालून घेऊन आले.

हे सगळं प्राचार्यांनाही आठवत होतं, आणि त्यांना तेवढं पुरे होतं. त्यांनी व्हरांड्यातल्या बाकावर, वर्गातल्या पोरांसमोर आणि पालकांसमोर, चिमटीला पर्स उलटी करायला लावली. कंगवा, केसांच्या पिना, भाषणाचा चुरगळलेला कागद, एक डोकेदुखीची गोळी. तिचे वडील शेजारी उभे होते.

मग वरवर इतरांच्याही पिशव्या बघून झाल्या. विजेत्याला कोण कशाला तपासणार? नुकसान झालेलं त्याचंच. उपप्राचार्यांनी मात्र साफ नकार दिला. "माझ्या अंगाला हात लावायचा नाही," एवढं बोलून ते तरातरा निघून गेले.

"पर्समध्ये नाही म्हणजे तिनं कुठेतरी दडवलंय," प्राचार्य म्हणाले. "तिचं प्रमाणपत्र राखून ठेवा. पाहुणे गेले की मी पोलिसांना फोन करतो."

"पाहुण्यांचा चहा होईपर्यंत थांबा, सर. मला बोलू द्या सगळ्यांशी."

"तुम्हाला तिची बाजू घ्यायचीय."

"मला कोणाचीच बाजू घ्यायची नाहीये," भिंगबाई म्हणाल्या. "तुमचीसुद्धा."

प्राचार्य काही बोलणार तोच त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. मागच्या जिन्याने उपप्राचार्य घाईघाईने खाली उतरत होते. गाऊन अजून अंगावर होता, आणि त्याच्या डाव्या बाहीचं टोक त्यांनी मुठीत गच्च धरलं होतं.

३

भिंगबाईंनी त्यांना सायकलींच्या शेडमागे गाठलं.

"बाहीत काय आहे, सर?"

उपप्राचार्य इतिहास शिकवत. गाऊनला ते उकाड्यातलं कांबळं म्हणत आणि हा सगळा थाटमाट बंद करा म्हणून दरवर्षी अर्ज देत. डबी खोलीतून मंचावर आणली होती त्यांनीच. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"आमच्या घरी सांगणार नाही ना?"

"काय ते आधी कळू द्या."

उपप्राचार्यांनी खांदे पाडले. बाहीच्या फटीत हात घातला, पार खालपर्यंत चाचपडले आणि मूठभर चॉकलेटं बाहेर काढली. चमकत्या कागदातली, उन्हाने मऊ पडलेली.

"डॉक्टरांनी साखर बंद केलीय. ही माझे खिसे रोज घरी गेल्यावर तपासते, आणि आज तर इथेच, सभागृहात बसलीय ती. गाऊनला खिसे नसतात असं तिला वाटतं." ते ओशाळून हसले. "तबक धरून तासभर उभं राहायचं म्हणजे काहीतरी आधार नको का?"

भिंगबाईंना हसू फुटलं. पण हसता हसताच त्या थांबल्या. त्यांची नजर त्या बाहीवर खिळली.

पदव्युत्तर पदवीचा गाऊन त्यांनी आजवर शेकडो पोरांना घालायला शिकवला होता. हात बाहीतून पुढे येतच नाही. तो कोपराजवळच्या फटीतून बाहेर काढायचा. बाहीचं उरलेलं लांबलचक टोक खाली गुडघ्यापर्यंत लोंबतं आणि ते खालून शिवून बंद केलेलं असतं. सगळे त्याला शोभा समजतात. भिंगबाईही समजत आल्या होत्या. आज पहिल्यांदा त्यांना ती बाही आहे तशी दिसली: अंगावर उघड मिरवायची एक पिशवी.

प्राचार्यांचा आणि त्यांचा स्वतःचा गाऊन डॉक्टरेटचा. त्याच्या बाह्या घंटेसारख्या रुंद आणि खालून उघड्या. त्यात टाकलेली वस्तू पायावरच पडायची. औषधवाल्या बाईंना गाऊनच नव्हता. बंद बाहीचे गाऊन घातलेले त्या खोलीत तिघेच होते. उपप्राचार्य, दादा आणि चिमटी.

"दुसरी बाही उलटी करून झटका, सर."

दुसऱ्या बाहीतून आणखी दोन चॉकलेटं पडली. बाकी काही नाही.

भिंगबाई तशाच तयारीच्या खोलीत गेल्या. चिमटीने रागाने काढून फेकलेला गाऊन खुर्चीवर बोळा होऊन पडला होता. त्यांनी बाह्या हातात घेतल्या. डाव्या बाहीत काही नव्हतं. उजव्या बाहीचं टोक मात्र टराटरा उसवलेलं होतं, आतून घाईने काहीतरी ओरबाडून काढावं तसं.

४

चिमटी वाचनालयाच्या पायरीवर बसली होती. रडून झालं होतं, आता चेहऱ्यावर नुसता ताठा होता.

"बाही कशी फाटली?"

"गाऊन मला दोन माणसांचा होतो, मॅडम. मंचावरून उतरताना बाहीवरच पाय पडला. आवाजही झाला. कोणी ऐकला नसेल, सगळे डबीबद्दल कुजबुजत होते ना."

"टोपी आणायला गेलीस तेव्हा डबी कुठे होती?"

"टेबलावर. मिटलेली." तिने मांडीवरच्या पर्सची चेन लावली. "उघडून बघावी असं मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू? मला ते पदक हवं होतं. पण उचलायचं असतं तर पेपर पुन्हा तपासायला कशाला दिला असता? मला ते माझ्या नावाने हवं होतं."

उत्तर चांगलं होतं. भिंगबाईंना चांगल्या उत्तरांचीच भीती वाटायची.

"कोणी आलं होतं तुझ्याशी बोलायला?"

"फक्त दादा. पाणी आणून दिलं त्याने. म्हणाला, पर्समधून काही निघालं नाही की लोकांची उलट खात्रीच पटते. आधी मला राग आला. मग वाटलं, याला हे कसं ठाऊक?"

औषधवाल्या बाई प्राचार्यांच्या खोलीत, न प्यायलेल्या चहासमोर बसल्या होत्या. डबी अजून त्यांच्या मांडीवर होती.

"त्या मुलीनेच घेतलंय," त्या म्हणाल्या. "डोळ्याला डोळा भिडवत नव्हती."

"सगळ्यांसमोर पर्स उलटी करावी लागली की कोणाचाच डोळा वर उठत नाही, बाई."

"तुम्ही दगडांत राहता. मी काउंटरवर बसते. मला चोर लांबून ओळखू येतो. दुकानात एकदा असाच एक मी रंगेहाथ..." बाईंची बोटं डबीच्या झाकणावर थांबली. "म्हणजे, तेव्हा तसं वाटलं होतं."

"वाटलं होतं?"

"जुनी गोष्ट आहे. तिचा इथे काय संबंध?" बाईंनी थंडगार चहा एका घोटात संपवला.

भिंगबाई बाहेर आल्या. ऊन रणरणत होतं. पोरं गाऊन काढून, घड्या घालून परत करत होती. कॉलरी घामाने भिजल्या होत्या. दादा मात्र झाडाखाली पूर्ण पोशाखात उभा होता. गाऊन, हूड, टोपी, सगळं जिथल्या तिथे.

"अरे, शिजशील त्यात. दे तो इकडे."

"राहू दे, मॅडम. घरच्यांबरोबर एक फोटो काढायचाय. संध्याकाळी आणून देतो."

"बरं," भिंगबाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. सकाळी ज्याला यायला कोणी नव्हतं, त्याचे घरचे दुपारी कुठून उगवले?

५

खोटं बोलणारा प्रत्येक माणूस चोर नसतो, हे भिंगबाईंना कळत होतं. उपप्राचार्यही खोटं वागले होते, मूठभर चॉकलेटांसाठी. दादाला आपलं एकटेपण लपवायचं असेल. शिवाय काही क्षणांत गळ्यात पडणारं पदक कोण कशाला चोरेल? या प्रश्नापाशी येऊन त्यांचं डोकं अडत होतं.

म्हणून त्यांनी तो प्रश्न बाजूला ठेवला. का ते नंतर बघू, आधी कधी ते बघू. पदक डबीतून गेलं कधी? चिमटी एकटी आत गेली तेव्हा, असं सगळे धरून चालले होते. पण ती गेली तेव्हा पदक डबीत होतं, हे कोणी पाहिलं होतं?

फोटोवाला फाटकाशी सामान आवरत होता.

"सकाळचा व्हरांड्यातला फोटो दाखवा."

"तो नका बघू, मॅडम, वाईट आलाय," तो कुरकुरला. "काय वारा होता त्या व्हरांड्यात! सगळ्यांचे गाऊन एका बाजूला फडफडतायत. मी आपला 'बाह्या धरा, बाह्या धरा' म्हणून ओरडतोय, ऐकतंय कोण?"

"हा चिमटी आत पळायच्या आधीचा ना?"

"ती टोपीवाली पोरगी? हो, तिच्या डोक्यावर टोपी नाही बघा यात. फोटो काढला आणि मगच ती ओरडली."

कॅमेऱ्याच्या छोट्याशा पडद्यावर सहा माणसं उभी होती. भिंगबाईंनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि पडद्यावर वाकल्या. सोसाट्याचा वारा सगळ्यांना डावीकडे ओढत होता. बाईंचा पदर, प्राचार्यांचा हूड, चिमटीचे केस, सगळं आडवं. चिमटीच्या दोन्ही बाह्या पताकांसारख्या उडालेल्या. उपप्राचार्यांच्या बाह्याही हवेत; मूठभर चॉकलेटांना वजन ते किती असणार?

आणि त्या सगळ्या फडफडाटात एक बाही सरळ खाली लोंबत होती. वाऱ्याला न जुमानता, गवंड्याच्या ओळंब्यासारखी सरळ.

भिंगबाईंनी भिंग हळूच वर सरकवलं. बाहीवरून कोपर, कोपरावरून खांदा, खांद्यावरून चेहरा.

"हा कॅमेरा घेऊन माझ्याबरोबर चला," त्या फोटोवाल्याला म्हणाल्या.

६

तयारीच्या खोलीत पुन्हा सगळे जमले. चिमटी दाराशी उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"आपण सगळे एकाच प्रश्नामागे लागलो होतो," भिंगबाई म्हणाल्या. "पदक कोणाला हवं होतं? त्याचं उत्तर ही मुलगी, म्हणून चोरही हीच. पण हा फोटो ती आत एकटी जायच्या आधीचा आहे. बघा, डोक्यावर टोपी नाही. आणि या फोटोत पदक आहे."

"कुठे?" प्राचार्य पडद्यावर वाकले.

"दिसत नाही. पण वजन लपत नाही, सर. सकाळी तुम्हीच म्हणालात, भरीव आहे. सगळ्यांच्या बाह्या उडतायत, ही एक उडत नाहीये. आता सकाळ आठवा. पदक हातोहात फिरलं. शेवटी ज्याच्या हातात आलं त्याने डबी मिटली. मिटल्याचा आवाज आपण सगळ्यांनी ऐकला. पदक आत जाताना कोणी पाहिलं?"

एकेक मान वळली आणि उंच, काळ्या गाऊनमधल्या माणसावर येऊन थांबली.

दादाने नाकारलं नाही. कोपराच्या फटीतून हात आत घातला, बाहीच्या तळाशी नेला आणि पदक काढून टेबलावर ठेवलं. लाकडावर ठक्क आवाज झाला.

"पण तुझंच होतं ते!" प्राचार्य जवळजवळ किंचाळले. "वेडबीड लागलंय का तुला?"

दादा औषधवाल्या बाईंकडे बघत होता.

"यांनी मला ओळखलं नाही. ओळखतील कसं? दुकानात मला सगळे लंबू म्हणायचे. घरोघर औषधं पोचवायचो मी यांची. एक दिवस साहेबांचं, म्हणजे यांच्या यजमानांचं, मनगटी घड्याळ सापडेना. यांनी मला काउंटरवर, गिऱ्हाइकांसमोर, खिसे उलटे करायला लावले. एक रुमाल निघाला आणि दुकानाची किल्ली. तरी चोर ठरलो. त्या गल्लीत मला नंतर कोणी दारात उभं केलं नाही."

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"निकाल लागला आणि कळलं, पदक कोणाच्या हातून घ्यायचंय. नको म्हणून सांगणार होतो. मग वाटलं, एकदा यांनीही भरल्या सभेत रिकाम्या हाताने उभं राहावं. सगळ्यांनी यांच्याकडे बघावं. तेवढंच. उद्या पदक परत पाठवून देणार होतो."

"आणि माझी पर्स?"

चिमटीचा आवाज मोठा नव्हता. पण दादाने मान खाली घातली.

"कोणावर संशय येईल हे डोक्यातच नव्हतं. तुझ्यावर आला आणि माझी जीभ उचलेना."

"तू तिथेच उभा होतास, दादा. माझ्या पिना वेचून दिल्यास. पाणी आणून दिलंस. कसं वाटतं ते या सगळ्यांत तुला एकट्याला ठाऊक होतं."

दादाने टोपी काढून टेबलावर पदकाशेजारी ठेवली.

"मिटलं तर मग," प्राचार्य हात चोळत म्हणाले. "आता ही गोष्ट या चार भिंतींत राहील असं बघू. कॉलेजची अब्रू..."

"नाही," चिमटी म्हणाली. "माझी पर्स व्हरांड्यात उलटी झाली होती."

७

व्हरांड्यात अजून बरीच माणसं होती. दादा बाकाजवळ उभा राहिला आणि त्याने सांगितलं. आवाज आधी फुटत नव्हता, मग फुटला. पदक मी घेतलं. हिचा काही संबंध नव्हता. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ज्याच्याकडून ती अडलेली गणितं सोडवून घ्यायची तोच हा दादा. चिमटीच्या वडिलांनी मुलीचा हात हातात घेतला.

"सर," भिंगबाई प्राचार्यांकडे न बघता म्हणाल्या, "पर्स उलटी करायला त्याने लावली नव्हती."

प्राचार्य घसा खाकरत पुढे झाले. चुकलं, असं ते म्हणाले. दुसऱ्यांदा जरा ऐकू येईल असं म्हणाले. मग त्यांनी प्रमाणपत्राची नळी चिमटीच्या हातात दिली.

लोक पांगायला लागले होते, तेव्हा औषधवाल्या बाई भिंतीचा आधार सोडून पुढे आल्या.

"थांबा जरा. माझंही ऐका." "घड्याळ सापडलं होतं. आमच्या यांच्या जुन्या कोटाच्या अस्तरात. खिसा फाटका होता, त्यातून आत घसरलं होतं."

दादाने एकदम वर बघितलं. "कधी?"

"चौथ्याच दिवशी. हे म्हणाले, त्या मुलाला शोध आणि चार लोकांत सांग. मी म्हटलं, आता कशाला उकरून काढायचं, दुकानाचं नाव जाईल. आजारपणातसुद्धा विचारायचे, लंबू भेटला का गं? मी म्हणायची, शोधतेय."

"चौथ्या दिवशी मी तुमच्याच गल्लीत काम मागत फिरत होतो," दादा म्हणाला. "तुमच्या दुकानासमोरून."

"बघितलं होतं मी," बाई म्हणाल्या.

दादाने गाऊन उतरवला, नीट घडी घातली, भिंगबाईंच्या हातात दिला आणि पाठीला चिकटलेला शर्ट सोडवत एकटाच फाटकाकडे निघाला. थोड्या वेळाने बाई त्याच्या मागे गेल्या. फाटकापाशी तो थांबलेला दिसला. बाई बोलत होत्या, तो दुसरीकडे बघत ऐकत होता. ते काय बोलले ते भिंगबाईंना कधी कळलं नाही. पदक प्राचार्यांच्या कपाटात गेलं. दादाचं काय करायचं ते समिती ठरवणार होती, आणि चिमटीने ते पदक आपल्याला नको म्हणून तिथल्या तिथे सांगून टाकलं होतं.

वडील सामान घ्यायला गेले तशी ती भिंगबाईंपाशी आली.

"मॅडम, एक विचारू? तुम्हाला माझा संशय आला होता?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं, स्वतः भिंगबाईंनाही.

"आला होता," त्या म्हणाल्या. "उसवलेली बाही बघितली तेव्हा तर चांगलाच आला होता. फोटो बघेपर्यंत गेला नव्हता."

चिमटीने प्रमाणपत्राची नळी काखेत मारली.

"बरं झालं खरं सांगितलंत," ती म्हणाली. "मघापासून जो तो येऊन सांगतोय, आम्हाला तुझी खात्रीच होती म्हणून."

ती पायऱ्या उतरून गेली. वळणावर मागे बघून हात करेल असं भिंगबाईंना वाटलं, म्हणून त्या गाऊनचा ढीग हातांवर घेऊन तशाच उभ्या राहिल्या. तिने मागे बघितलं नाही.